एका हंगामाचा प्रबंध, पिढ्यांची जमीन



भाऊसाहेबांच्या, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानात शेतीच्या उच्च शिक्षणाविषयी बोलायचे, तर सुरुवात त्यांच्या स्वतःच्या प्रबंधापासून करावी असे मला वाटते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा हा शेतकऱ्याचा मुलगा पुढे १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे देशाचा कृषिमंत्री राहिला, पण ऑक्सफर्डला त्याने डॉक्टरेट मिळवली ती वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर. १९३३ साली तो प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. विषय शेतीपासून दूरचा दिसतो, तरी तो प्रबंध लिहिता आला याचे कारण आजच्या विषयाशी जवळचे आहे. वेदांचा शब्द अन् शब्द पिढ्यानुपिढ्या पाठ करून पुढे दिला गेला. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा रीती लावून एक स्वरही इकडचा तिकडे होऊ नये याची काळजी घेतली गेली. म्हणून तीन हजार वर्षांनंतर एका तरुण अभ्यासकाला त्या वाङ्मयातले जुने थर कोणते आणि नवे कोणते हे ओळखता आले. साखळी तुटली नव्हती, म्हणून शोध शक्य झाला. वऱ्हाडातल्या जमिनीचा अभ्यास करणाऱ्या तरुणाच्या हाती अशी साखळी आपण ठेवली आहे का, हा माझा प्रश्न आहे. ती ठेवलेली नाही, ती ठेवणे आपल्या आवाक्यात आहे, आणि कृषी व पर्यावरण विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणाची पुढची मोठी सुधारणा हीच असली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आज एम. एस्सी. कृषीचा प्रबंध कसा तयार होतो ते पाहू. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. पहिली सत्रे विषय शिकण्यात, मार्गदर्शक ठरवण्यात आणि संशोधनाचा आराखडा मंजूर करून घेण्यात जातात. मग एक खरीप किंवा एक रब्बी हंगाम मिळतो. प्रक्षेत्रावर गट पाडले जातात, समजा नत्राच्या चार मात्रा, पेरणीची दोन अंतरे, तीन पुनरावृत्त्या. झाडांची उंची, पानांचे क्षेत्रफळ, बोंडांची वा शेंगांची संख्या, शेवटी उत्पादन मोजले जाते. माती तपासली जाते, आकडे सांख्यिकीच्या चाळणीतून काढले जातात, प्रबंध बांधून सादर होतो. विद्यार्थी जातो. पुढच्या वर्षी दुसरा येतो. त्याचा विषय वेगळा, गट वेगळे, पुष्कळदा शेतही वेगळे. आधीच्या विद्यार्थ्याने काळजीने आखलेल्या गटांवरून नांगर फिरलेला असतो. पीएच.डी.च्या वाट्याला दोन हंगाम येतात, क्वचित तीन. अकोल्याचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाले. तेव्हापासून विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतल्या त्याच्या महाविद्यालयांत असे हजारो प्रबंध झाले आहेत. त्यांमागच्या श्रमांविषयी मला अतिशय आदर आहे. विदर्भाच्या उन्हात गटागटांतून वाकून मोजमाप घेणाऱ्या मुलामुलींनी कसूर केलेली नाही. उणीव रचनेत आहे. प्रत्येक प्रबंध पहिल्या पायरीवरून सुरू होतो आणि पहिल्याच पायरीवर संपतो.

एका हंगामाच्या प्रयोगाला अर्थ नसतो असे मी म्हणत नाही. पण त्याचा अर्थ किती आणि कुठपर्यंत, हे नीट पाहिले पाहिजे. तीन किंवा चार पुनरावृत्त्या घेतल्या की एकाच शेतातल्या जागेजागेचा फरक किती हे कळते, आणि मात्रांमधला फरक त्या फरकापेक्षा मोठा आहे की नाही हे सांगता येते. मात्र या सगळ्या पुनरावृत्त्या एकाच पावसाळ्यात भिजलेल्या असतात. अकोल्याचा सरासरी पाऊस साडेसातशे ते आठशे मिलिमीटर, पण सरासरीइतका आणि वेळेवर पाऊस पडलेले वर्ष शेतकऱ्याला सहसा भेटत नाही. एखाद्या वर्षी मृग कोरडा जातो आणि दुबार पेरणी येते. एखाद्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन आठवडे उघाड पडते आणि सोयाबीनची फुले गळतात. कधी सप्टेंबरच्या अखेरीस सततधार लागते आणि शेंगा झाडावरच कोंब धरतात. जागेची पुनरावृत्ती कितीही वाढवली तरी ती काळाच्या पुनरावृत्तीची जागा घेऊ शकत नाही. कोरडवाहू वऱ्हाडात तर मुख्य प्रश्न काळाचाच आहे, कारण इथे पिकाचे दैव खताच्या मात्रेपेक्षा पावसाच्या खंडावर अधिक ठरते. ज्या वर्षी वाफसा मिळालाच नाही त्या वर्षाचा निष्कर्ष शिफारस म्हणून छापला, तर आपण त्या एका वर्षालाच नियम मानून बसतो. विद्यापीठात शिफारशी सहसा तीन वर्षांच्या प्रयोगांवर दिल्या जातात, ही चांगली शिस्त आहे. पण पदव्युत्तर प्रबंध बहुधा त्या शिस्तीच्या बाहेर राहतात, आणि आपल्या संशोधनाच्या श्रमाचा फार मोठा वाटा तर तिथेच खर्च होतो.

आता ज्या प्रश्नावर हे सारे सर्वांत लख्ख दिसते त्या प्रश्नाकडे वळतो. पूर्णा नदी सातपुड्यातून उतरते आणि अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून वाहत तापीला मिळते. तिच्या दोन्ही बाजूंना गाळाचा खोल पट्टा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांतली बरीच गावे त्यात येतात. लोक त्याला खारपाण पट्टा म्हणतात. तिन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे ९०० गावे आणि साडेचार लाखांहून अधिक हेक्टर जमीन या नावाखाली येते. वरून पाहावे तर काळीभोर, भारी, कसदार जमीन. पण विहिरीला लागते ते खारे पाणी, आणि ते पिकाला दिले तर जमीन आणखी बिघडते. पावसाळ्यात पाणी वर साचते, खाली मुरत नाही. पाऊस थांबला की वरचा थर दगडासारखा कडक होतो, खोल भेगा पडतात. ज्या जमिनीत रब्बीला हरभरा ओलीवर यायला हवा, तिथे ओल खालपर्यंत गेलेलीच नसते. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो आणि तिला वखर कधी घालायचा हे त्याला दिवसाच्या हिशेबाने ठाऊक असते. एक दिवस आधी ओले ढेकूळ, एक दिवस नंतर वीट.

असे का होते, याचा उलगडा नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेतल्या डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बिघडलेल्या काळ्या जमिनींवरचा त्यांचा महत्त्वाचा निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या मातीत स्मेक्टाइट नावाची चिकणमाती असते. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. हवामान कोरडे होत गेले की मातीच्या द्रावणातले कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली बसते, आणि चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियमच्या जागी सोडियमचा वाटा वाढतो. सोडियम वाढला की कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात आणि निचरा खुंटतो. म्हणजे हा बिघाड केवळ चुकीच्या पाण्याने माणसाने घडवलेला नाही. तो हवामानाच्या हाताने, शांतपणे, शतकानुशतके घडत आलेला आहे. या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट एक आकडा आहे. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड येथील अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दिलेल्या निकषानुसार, विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेले की जमीन चोपण समजायची. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो आकडा गेला, आपल्याही. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास पोचले की निचरा बिघडू लागतो आणि कापसाचे उत्पादन उतरते, असे दिसले. परक्या मातीच्या मापाने मोजले असते तर यातली कितीतरी वावरे कागदावर निरोगी ठरली असती, आणि शेतकरी मात्र वर्षानुवर्षे उतरते उत्पादन पाहत राहिला असता. पुढच्या कामातून असेही पुढे आले की मातीतून पाणी किती वेगाने वाहते, ही एकच मोजणी या जमिनींची लायकी सांगायला रासायनिक आकड्यांपेक्षा अधिक भरवशाची आहे.

असे निष्कर्ष एका हंगामात निघत नाहीत. त्यासाठी खोऱ्यात जागोजागी खोल खड्डे घेऊन थरांचे वर्णन करावे लागते, खनिजांचे विश्लेषण करावे लागते, त्याच जागांवरची शेतकऱ्यांची उत्पादने जुळवावी लागतात, आणि एकाने जिथे सोडले तिथून दुसऱ्याने उचलावे लागते. ही साखळी या एका गटाने राखली, म्हणून वऱ्हाडच्या मातीने जगाच्या पाठ्यपुस्तकातल्या एका आकड्याची मर्यादा दाखवून दिली. पण साखळी पुढे चालू राहिली असती तर अजून काय विचारता आले असते ते पाहा. खारपाण पट्ट्यात शेततळी खोदली गेली. पाणी मुरू न देणारी हीच माती तळ्यात मात्र पाणी धरून ठेवते, आणि त्या गोड्या पाण्याने हरभऱ्याला एखादे संरक्षित ओलीत देता येते. जिप्सम टाकावे, ढेंचा गाडावा, रुंद वरंबा सरीवर पेरावे अशा शिफारशी झाल्या आणि पुष्कळांनी त्या अमलात आणल्या. दहा वर्षे जिप्सम टाकलेल्या वावरात साठ सेंटिमीटर खोलीवर सोडियम किती खाली गेला? तो तिथेच थांबला, की भूजलात उतरला? जिप्सम थांबवल्यावर जमीन किती वर्षांत पुन्हा आपल्या मूळ वळणावर जाते? या पट्ट्यातल्या पिण्याच्या पाण्याविषयी आणि मूत्रपिंडाच्या विकारांविषयी गावोगाव काळजी बोलून दाखवली जाते. त्यात पाण्याचा वाटा किती आणि इतर कारणांचा किती, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींवाचून कोणाला प्रामाणिकपणे सांगता येणार आहे? हे सगळे प्रश्न पर्यावरण विज्ञानाचे आहेत, शेतीचे आहेत आणि आरोग्याचेही आहेत. एका हंगामाच्या प्रबंधात यांतला एकही मावत नाही. म्हणून विद्यार्थी ते घेतच नाहीत. मावेल तेवढाच प्रश्न घेण्याची सवय लागते, आणि हळूहळू मावणारा प्रश्न म्हणजेच विज्ञान अशी समजूत होते. माझी मुख्य तक्रार या सवयीविषयी आहे.

अकोल्याच्या विद्यापीठात मात्र साखळी न तुटलेले एक क्षेत्र आहे, ते म्हणजे पीकपैदास. कापसाचा पीकेव्ही हायब्रीड-२ हा संकर असो, की अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रातून आलेले पीडीकेव्ही यलो गोल्ड, पीडीकेव्ही अंबा आणि सुवर्ण सोया हे सोयाबीनचे वाण असोत, यांतला एकही एका माणसाने एका हंगामात केलेला नाही. (वाणाच्या नावातसुद्धा इतिहास आहे: विद्यापीठ आधी पंजाबराव कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाई, म्हणून जुने वाण पीकेव्ही आणि नवे पीडीकेव्ही.) संकर केला, पिढ्या पुढे नेल्या, निवड केली, जागोजागी चाचण्या घेतल्या, मग वाण प्रसारित झाला. या सबंध काळात किती विद्यार्थी आले आणि पदव्या घेऊन गेले, तरी काम पुढे चालत राहिले. पैदासकार मुळातच अधिक शिस्तीचे असतात म्हणून हे घडले नाही. बियाणे स्वतःच आठवण ठेवते. गेल्या वर्षीच्या निवडीचे फळ यंदाच्या दाण्यात असते. पैदासकाराने वही हरवली तरी पिशवीतला दाणा त्याला काही सांगतो. मातीचे, पाण्याचे, किडींचे, तणांचे तसे नाही. तिथे आठवण माणसांनी ठेवावी लागते, नाहीतर ती राहत नाही. म्हणून एकाच संस्थेत एक शाखा दशकांच्या हिशेबाने चालते आणि दुसरी हंगामाच्या हिशेबाने.

जमिनीची आठवण ठेवणारे एक काम मात्र अकोल्यात आहे, आणि त्याचा उल्लेख अभिमानाने केला पाहिजे. अखिल भारतीय योजनेतला दीर्घकालीन खत प्रयोग इथे १९८८ पासून ज्वारी-गहू या पीकपद्धतीवर चालू आहे. तेच गट, त्याच मात्रा, वर्षामागून वर्ष. त्यातून दिसले ते असे: केवळ नत्र देत राहिलेल्या गटांची उत्पादकता टिकली नाही. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीला शेणखत मिळालेल्या गटांत उत्पादनही सर्वाधिक राहिले आणि मातीतला सेंद्रिय कर्बही वाढला. हा निष्कर्ष पहिल्या वर्षी निघाला नसता. नुसते नत्र दिलेला गट आरंभी चांगलाच दिसतो. जमिनीचा साठा संपू लागला की मग तो घसरतो. एका हंगामाचा प्रबंध त्या पहिल्या वर्षी लिहिला असता तर त्याने प्रामाणिकपणे, सांख्यिकीच्या सर्व कसोट्या पार करून, चुकीची गोष्ट सांगितली असती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. प्रयोग ज्वारी-गव्हाचा, आणि वऱ्हाडातून ज्वारी जवळजवळ हद्दपार झाली. तिची जागा सोयाबीनने घेतली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरे कमी झाली, जनावरांबरोबर शेणखत. मग चाळीस वर्षे चालणारा प्रयोग चाळीस वर्षांत कालबाह्य होणार नाही कशावरून? पीक बदलते, हे खरे आहे. पण अशा प्रयोगाचा विषय पीक नसतो, जमीन असते. पिकाच्या निमित्ताने कर्ब, गंधक, जस्त, सूक्ष्मजीव यांचे काय होते ते तो सांगतो. इंग्लंडमधल्या रोदमस्टेडच्या संशोधन केंद्रातला ब्रॉडबॉक शेतावरचा गव्हाचा प्रयोग १८४३ पासून चालू आहे. त्यात वाण बदलले, तणनाशके आली, काही पट्ट्यांत फेरपालट आणली गेली, पण कणा तोच राहिला. शिवाय वरच्या आक्षेपातच माझ्या बाजूचा मोठा पुरावा दडलेला आहे. ज्वारी, कडबा, जनावरे, शेणखत, कर्ब ही उतरंड वऱ्हाडात आपल्या डोळ्यांदेखत एका पिढीत कोसळली. गावोगावच्या ठरावीक वावरांत दर दोन वर्षांनी मातीचा कर्ब मोजला गेला असता, तर या कोसळण्याचा आलेख आज आपल्या हाती असता. तो नाही. मोजणारे हात होते, दरवर्षी नवे येत होते, पण त्यांना एकाच वावरात पुन्हा जाण्याचे कारण कोणी दिले नव्हते.

दुसरा आक्षेप पदवीच्या स्वरूपाविषयी आहे. प्रबंध विद्यार्थ्याचा स्वतःचा असला पाहिजे. दुसऱ्याने आखलेल्या मोजणीत एक वर्ष भर घातली, तर त्याचे स्वतंत्र योगदान कोणते? याचे उत्तर सांख्यिकीच्या इतिहासातच आहे. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रोदमस्टेडला रुजू झाला तो तिथे दशकानुदशके साठलेल्या आकड्यांचे काय करावे हे पाहण्यासाठी. ब्रॉडबॉकच्या जुन्या उत्पादन-नोंदींवर त्याने १९२१ मध्ये निबंध लिहिला. त्याच वाटेवर प्रचरणाचे विश्लेषण आणि यादृच्छिक गटरचना ही साधने घडली, जी आज अकोल्यातला प्रत्येक विद्यार्थी आपल्या प्रबंधात वापरतो. दुसऱ्यांनी जपलेल्या नोंदींतूनच या शास्त्रातली सर्वांत स्वतंत्र बुद्धी फुलली. साखळीत काम करणाऱ्या विद्यार्थ्याने सामाईक मोजणी करावी, हा त्याच्या कामाचा एक भाग. त्या मोजणीच्या आधारावर आपला प्रश्न आपण उभा करावा, हा दुसरा. गंधकाचा प्रश्न एकाने घ्यावा, गांडुळांचा दुसऱ्याने, बाजारभाव आणि पीकबदल यांचा नातेसंबंध कृषी अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने. सगळ्यांच्या पायाखाली तीच जमीन असावी. असा विद्यार्थी दहा वर्षांच्या आकड्यांवर उभा राहून बोलेल. आजचा विद्यार्थी चार महिन्यांच्या आकड्यांवर उभा असतो.

तिसरा आक्षेप शेतकऱ्यांच्या वावरांविषयी. प्रक्षेत्रावर सगळे नियंत्रणात असते. वावरात शेतकरी पेरणी पुढे ढकलतो, डवरणी चुकते, शेजारच्या धुऱ्यावरून पाणी येते. अशा ठिकाणी विज्ञान कसे करायचे? हा प्रश्न विचारताना वऱ्हाडाने स्वतःचाच वारसा विसरू नये. १९४० च्या दशकाच्या आरंभी विनायक गोविंद पानसे आणि त्यांचे सहकारी कळमकर यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या कापसावर नमुना-पाहणीने उत्पादनाचा अंदाज काढण्याचे काम केले. गावे आणि शेते चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक निवडायची, ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातलेच पीक मोजायचे. त्याआधी आणेवारीत उत्पादन ठरे ते नजरअंदाजाने, आण्यांत. गहू-तांदळावर हीच रीत पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी देशभर नेली. आज पीककापणी प्रयोग म्हणून ती प्रत्येक मंडळात चालते आणि पीकविम्याची भरपाई तिच्यावर ठरते. पानसे आणि सुखात्मे यांचे कृषी सांख्यिकीचे पुस्तक १९५४ मध्ये आले, आणि आजही पदव्युत्तर विद्यार्थी ते वापरतात. शेतकऱ्याच्या बेशिस्त वाटणाऱ्या वावरातून विश्वासार्ह आकडा कसा काढावा, हे शास्त्र ज्यांनी घडवले त्यांनी या भागातल्या पऱ्हाटीत उभे राहून ते घडवले आहे. त्यांचे पुस्तक आपण प्रक्षेत्रावरच्या गटरचनेसाठी तेवढे उघडतो, आणि नमुना-पाहणीची प्रकरणे चाळून सोडतो, याची मला खंत वाटते.

चौथा आक्षेप सर्वांत कठोर आहे, आणि तो विदर्भात कोणालाही हलक्याने घेता येणार नाही. इथला शेतकरी कर्जात आहे, आत्महत्या होत आहेत. अशा वेळी दहा-वीस वर्षांच्या मोजणीची गोष्ट करणे ही चैन नाही का? मी उलट विचारतो. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याची कबुली खुद्द कंपनीने दिली. २०१७ मध्ये विदर्भभर गुलाबी बोंडअळीने कपाशी उद्ध्वस्त केली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतमजूर आणि शेतकरी दगावले. ती कबुली आणि हा विध्वंस यांच्यात सात वर्षे होती. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आपल्या परीने प्रतिकारशक्तीवर लक्ष ठेवले, इशारे दिले. पण कीड ठरावीक गावांच्या ठरावीक वावरांत दरवर्षी किती, फरदड म्हणजे लांबवलेले कपाशीचे पीक कोणी ठेवले, उलंगवाडीनंतर म्हणजे शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाट्या किती दिवस धुऱ्यावर उभ्या राहिल्या, कडेच्या नॉन-बीटी ओळी किती जणांनी पेरल्या, हे तालुक्या-तालुक्यातून सलग मोजणारे जाळे नव्हते. असे जाळे विद्यार्थ्यांशिवाय दुसरे कोणी विणू शकत नाही, कारण एवढी माणसे, एवढे प्रशिक्षण आणि दर खरिपाला शेतात उभे राहण्याचे बंधन दुसऱ्या कोणाकडे एकत्र नाही. तातडीचे संकट आले की आपण धावतो. पण तातडी जन्मते ती वर्षानुवर्षे कोणी पाहत नव्हते तिथे.

वरूड-मोर्शीच्या संत्र्याविषयीही थोडक्यात हेच. भूजलाचा उपसा तिथे पुनर्भरणाच्या पलीकडे गेलेला आहे, विहिरींवर बोअर आणि बोअरच्या खाली आणखी खोल बोअर झाले आहेत. डिंक्याने बागा वाळतात त्या पाणी तोडण्या-देण्याच्या पद्धतीशी जोडलेल्या आहेत, आणि आंबिया बहाराचा ताण कधी द्यायचा हा निर्णय थेट विहिरीच्या पातळीवर अवलंबून आहे. बाग वीस-पंचवीस वर्षे जगते. तिचा अभ्यास एका बहारात कसा व्हावा?

विद्यार्थ्यांविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि त्यातला सूर मला मान्य नाही. मुले संशोधनासाठी येत नाहीत, वसतिगृहात राहून लोकसेवा आयोगाची तयारी करण्यासाठी येतात, त्यांच्याकडून साखळी वगैरेची अपेक्षा कशी करता, असे म्हणतात. विद्यापीठांत प्राध्यापकांची पदे रिकामी राहतात, संशोधनाच्या जागा मोजक्या, घरी चार-पाच एकर कोरडवाहू. त्या मुलाने वा मुलीने नोकरीचा विचार करू नये असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? पण आयोगातून ती जिथे जातील तो विचार करा. त्यांतली बरीच जण तालुका कृषी अधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी होतील. ज्याने पदव्युत्तर काळात खारपाण पट्ट्यातल्या एका गावच्या वीस वावरांची माती आपल्या हाताने घेतली आहे, आणि त्याच वावरांच्या आठ वर्षांच्या नोंदी वाचल्या आहेत, तो अधिकारी पुढे जिप्समच्या योजनेचा कागद वेगळ्या नजरेने पाहील. भाऊसाहेबांनी शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवण्याचा आग्रह धरला त्यामागे शिकलेला मुलगा शेतकऱ्याकडे पाठ फिरवणार नाही हा विश्वास होता. तो विश्वास ठेवायचा तर शिक्षणात त्याला शेतकऱ्याच्या वावरात परत परत नेणारी वाट हवी. ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या सत्रात पदवीचे विद्यार्थी गावात राहतातच. पदव्युत्तर संशोधनाने त्याच गावांशी नाते जोडले, तर दोन्ही कामांना अर्थ येईल.

हे नाते सैल का राहिले, याचे एक कारण विद्यापीठाच्या घडणीत आहे. कृषी विद्यापीठाची कल्पना आपण अमेरिकेच्या जमीन-अनुदानित विद्यापीठांवरून घेतली. तिथे १८६२ च्या कायद्याने शिक्षण आले, १८८७ च्या कायद्याने प्रत्येक राज्यात प्रयोगकेंद्रे, १९१४ च्या कायद्याने विस्तार. तिन्ही कामे एका छत्राखाली. आपल्याकडे विस्ताराचे मुख्य काम राज्याच्या कृषी खात्याकडेच राहिले. या वाटणीचे गुणदोष बोलण्याची ही जागा नाही, पण तिचा एक परिणाम असा झाला की शेतकऱ्याच्या वावराची नोंद ठेवणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे ही जाणीवच क्षीण झाली. ती परत आणायला नवा कायदा लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. खर्च लागतो तो माती तपासणीचा, प्रवासाचा आणि एक जबाबदार नोंदपालाचा. विषयनिवडीच्या वेळी विभागाने म्हणायचे आहे की यंदाच्या दहा प्रबंधांपैकी तीन या साखळीतले असतील. बाकीचे सात आजच्यासारखेच राहोत. एका हंगामात सुटणारे खरे प्रश्नही असतात, आणि ते सोडवणारे हवेतच.

आरंभ कसा करावा, ते सांगून थांबतो. पूर्णेच्या काठची दोन गावे आणि सातपुड्याच्या पायथ्याचे एक, जिथे पाणी गोडे आहे, अशी तीन गावे घ्यावीत. प्रत्येकात वीस वावरे यादृच्छिक निवडावीत, पानसे-कळमकरांनी निवडली तशी. शेतकऱ्यांना काय मोजणार, का मोजणार आणि निकाल त्यांना कधी मिळणार हे मराठीत लिहून द्यावे, आणि दर वर्षी गावात बसून तो निकाल वाचून दाखवावा. पेरणीपूर्वी, मे महिन्यात, पहिल्या विद्यार्थ्याने जमिनीत तीन वेगवेगळ्या खोलीवरची माती घ्यावी. कर्ब, सोडियम आणि मातीतून पाणी वाहण्याचा वेग मोजावा. विहिरीचे पाणी तपासावे. कोणते पीक, कोणते वाण, किती फवारण्या, किती उत्पादन, सगळे शेतकऱ्याच्याच शब्दांत नोंदवावे: बरड, चोपण, भारी, मध्यम, जशी तो म्हणेल तशी. मग प्रत्येक नमुन्यातली थोडी माती वाळवून, चाळून, काचेच्या बाटलीत भरावी. रोदमस्टेडला एकोणिसाव्या शतकातल्या मातीच्या अशा बाटल्या आजही फळीवर आहेत. त्या भरणाऱ्यांना जे प्रश्न ठाऊकही नव्हते, त्यांची उत्तरे पुढच्या शतकातल्या उपकरणांनी त्यांच्यातून काढली. अकोल्यात अशी एक कोरडी, थंड खोली करावी. बाटलीवर गावाचे नाव, गट क्रमांक, किती खोलीवरची माती, तारीख आणि माती घेणाऱ्याचे नाव मराठीत लिहावे, आणि तिच्या शेजारी पुढच्या वर्षीच्या बाटलीसाठी जागा मोकळी ठेवावी.